अप्पांची उत्तर

"बाई, आज कुठून उगवला?"

रोज सकाळी भिंतीपलीकडून हा सवाल यायचा. मी दात घासत असो की दुधाची पिशवी कापत असो, जवाब दिल्याशिवाय सुटका नसे. "पूर्वेकडून, अप्पा," मी म्हणायचे. पलीकडून एक लांब हुंकार यायचा. "असं का? माझ्याकडं आजबी उत्तरेलाच उगवलाय. पण तुमी म्हणता म्हणजे बरोबर असंल." एवढं बोलणं झालं की आमचा दिवस सुरू व्हायचा.

मन्मथअप्पा दिंद्रुडच्या आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि मी मराठी. घरंही शेजारीशेजारी, मध्ये कमरेएवढी भिंत. एका भूगोलाच्या मास्तराला सूर्य कुठून उगवला हे मराठीच्या बाईला विचारावं लागतं, यावर शाळेत इतके विनोद झाले की शेवटी विनोदांनाच कंटाळा आला. अप्पांना मात्र कधी आला नाही. स्वतःवरचा जुना विनोद ते दर वेळी नव्याने ऐकत आणि खांदे हलवून हसत.

दिशा फिरणं म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, तो नशीबवान. परगावी जाताना गाडीत डोळा लागावा, जाग येताच उतरावं आणि पूर्व भलतीकडेच वाटावी. डोक्याला कळतं, मनाला पटत नाही. समोर सूर्य दिसतो, तरी मन म्हणतं की चुकलाय तो सूर्यच. बहुतेकांचं चार दिवसांत जागेवर येतं. अप्पांचं अख्खी नोकरी संपली तरी आलं नाही.

ते मूळचे तलवाड्याचे. वडिलांचं किराणा दुकान होतं आणि त्या दुकानात डावं-उजवं ही भानगडच नव्हती. "उगवतीच्या पोत्यातला गूळ काढ, मावळतीच्या डब्यातलं जिरं दे," असं गादीवरून फर्मान सुटायचं आणि अप्पा लहानपणी न बघता हात घालायचे. "आमचं दुकान अंधारं होतं बाई, पण दिशांचा उजेड लई होता," असं ते म्हणत. नोकरीचा हुकूम खिशात घालून हा माणूस पहिल्यांदा दिंद्रुडला निघाला, ते एसटीनं.

"माजलगावात गाडी बदलली अन् मला डोळा लागला," अप्पा सांगत. "पुढं पूल खचलता. डायवरनं कुठून कुठून गाडी घातली त्यालाच ठाऊक. मी तर मेल्यागत झोपलतो. कंडक्टरनं हलवलं तवा दिवस उगवायलता, अन् उगवायलता उत्तरेला! मी त्याला इचारलं, कावून हो, हा सूर्य असा कावून? तो म्हनला, मास्तर, सूर्य आमच्या डेपोचा न्हाई, उतरा."

तेव्हापासून त्यांच्या दिंद्रुडात सूर्य उत्तरेला उगवायचा, दुपारी पूर्वेवरून जायचा आणि दक्षिणेला बुडायचा. ध्रुवतारा मावळतीला दिसायचा. तलवाड्याला गेले की सगळं जागच्या जागी, आणि परत आले की पुन्हा तेच. कुणीतरी त्यांना मोबाइलमधलं होकायंत्र दाखवलं. अप्पांनी ते तळहातावर धरून बराच वेळ पाहिलं आणि परत दिलं. "हे बरोबरच हाय की. माझं काय म्हननं हाय का हे चूक हाय म्हणून?"

प्रत्येक वर्गाच्या फरशीवर त्यांनी मला विचारून खडूनं चार बाण काढून ठेवले होते, आणि वर्गात शिरले की ते आधी तेच गिरवत. मुलांना वाटे, भूगोलाच्या तासाची ही पूजा आहे. एकदा तपासणीसाठी साहेब येणार म्हणून शिपायानं सगळ्या फरश्या पुसून लख्ख केल्या, त्यात अप्पांचे बाणही गेले. साहेब मागच्या बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, दिशांचा पाठ घ्या. मी शेजारच्या वर्गात होते आणि मधला दरवाजा उघडा होता.  अप्पा वर्गाकडे वळून म्हणाले, "सगळ्यांनी पूर्वेकडं बोट करा." वर्गभर बोटं एका बाजूला वळली. अप्पांनी त्या बोटांच्या मागोमाग आपला हात नेला आणि भारदस्त आवाजात म्हणाले, "शाब्बास. हीच पूर्व." साहेबांनी शेरा दिला, विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम. त्या दिवशी अप्पांनी सगळ्या वर्गाला राजगिऱ्याचे लाडू वाटले.

पण त्यांचा खरा तास रंगायचा तो उन्हाळ्यात. पत्र्याखाली जीव उकडत असायचा, पंखा लाइटीच्या मर्जीवर. अप्पा कपाटातून पृथ्वीगोल काढून टेबलावर ठेवत आणि बोटानं हळूच फिरवत. गोल जुना होता, महासागरांचा रंग उडालेला, आणि फिरताना कुरकुरायचा. अप्पा तो आपोआप थांबू देत. मग माथ्यावर बोट टेकवून म्हणत, "आता आपण सगळे इथं उभं हावोत. पायाखाली बर्फ, बर्फाखाली समिंदर. सूर्य वर येत न्हाई, खाली जात न्हाई, नुसता कडंकडंनं फिरायलाय. घड्याळ निरुपयोगी. आता सांगा, तुमच्या म्होरं कोणती दिशा?"

"दक्षिण."

"मागं?"

"दक्षिण."

"डाव्या हाताला? उजव्या हाताला?"

"दक्षिण, दक्षिण!" मुलं ओरडत. माझ्या वर्गातली पोरंही कविता सोडून ओरडायची आणि मी रागवायचं विसरायचे, कारण माझ्याही पायांना तेवढ्यापुरता गारवा लागलेला असे.

एका मुलीनं विचारलं होतं, "सर, मंग तिथं खरंच स्क्रू हाय का?" गोलाच्या माथ्यावर, आस जिथे बसवलेला असतो तिथे, एक पितळी स्क्रू होता. वर्ग हसला. अप्पा हसले नाहीत. वाकून त्यांनी त्या स्क्रूकडे निरखून पाहिलं. "असता तर बरं झालं असतं बाळ," ते म्हणाले. "माणसाला धरायला काहीतरी झालं असतं."

जगात ती एकच जागा अशी, की जिथे कुणाच्याही दिशा फिरू शकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. कसंही झोपेत उतरा, कुठेही तोंड करा, चुकायची सोयच नाही. मला वाटतं, त्या माणसाला ध्रुवावर खरोखरच जायचं होतं. आम्ही कुणी काशीला जाऊन आलो की ते चौकशी करत, पण त्यांचा डोळा कायम त्या स्क्रूवर.

हे सगळं ज्या बाईनं संसारात सामावून घेतलं, त्या इंदूवैनी. लग्न होऊन आल्या आणि आठवड्याभरात त्यांच्या लक्षात आलं की नवऱ्याला पूर्वेच्या कोनाड्यातली हळद मागितली की तो दक्षिणेच्या कोपऱ्यात जाऊन चाचपडतो. दुसरी एखादी असती तर माहेरी निरोप गेला असता. वैनींनी दोन दिवस पारख केली आणि तिसऱ्या दिवसापासून बोलणंच बदललं. "तुमच्या उत्तरेच्या कोनाड्यात चष्मा हाय." "तुमच्या पूर्वेच्या खुंटीला सदरा अडकवलाय." म्हणजे जगाच्या पूर्वेला त्या नवऱ्याची उत्तर म्हणायच्या आणि जगाच्या दक्षिणेला नवऱ्याची पूर्व. आणि हे सगळं भाकरी थापता थापता, एकदाही न अडखळता. मी विचारलं, तर म्हणाल्या, "बाई, चार दिशा फिरवण्यापरीस एक जीभ फिरवलेली सोपी."

अप्पांनी एकदा त्यांनाही ध्रुवाची गोष्ट सांगितली. वैनींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे तिथं उत्तरेला डोकं करून झोपायची भीतीच न्हाई?"

"न्हाई. जिकडं डोकं करशील तिकडं दक्षिण."

"मंग तिथल्या सासवा सुनंला बोलतात तरी काय?" वैनी म्हणाल्या आणि अप्पा हसता हसता पाटावरून कलंडले. भिंतीच्या अलीकडे मीही पोट धरून बसले होते.

दिशा जागेवर आणायचा एक प्रयत्न आमच्या खेळाच्या मास्तरांनी, खंडागळेसरांनी केला होता. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की वेशीबाहेर जाऊन डोळे बांधून गावात परत शिरलं की फिरलेलं उलगडतं. त्यांनी अप्पांच्या डोळ्यांवर दस्ती बांधली, मोटारसायकलवर मागे बसवलं आणि शेतवाटांनी गरागरा फिरवून गावात आणायला निघाले. भूगोलाचे सर डोळे बांधून कुणाच्यातरी मागे बसून चाललेत, हे एका म्हातारीनं पाहिलं आणि "मास्तरला पळवून नेऊलाले की वं!" म्हणून बोंब ठोकली. निम्मं गाव आडवं आलं. दस्ती सोडली तर सूर्य होता तिथेच, अप्पांच्या उत्तरेला. खंडागळेसर वैतागले. "अप्पा, तुमच्या डोस्क्यात होकायंत्र न्हाई, खुंटा हाय बघा."

त्यानंतर अप्पांनी उपायाचं नाव काढलं नाही. पण आस सुटली नव्हती. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झाल्यावर ते मला म्हणाले, "बाई, एकच वाटतं. या गावानं मला भाकर दिली, मान दिला. इथला सूर्य एकदा पूर्वेला उगवलेला बघावा, अन् मग डोळे मिटावेत." सांगताना त्यांचा आवाज इतका साधा होता की मला थट्टा सुचली नाही.

मग वैनी गेल्या. ताप आला, अंबाजोगाईला नेलं आणि तिथून त्यांना घरी आणलं ते शेवटचंच. अप्पांच्या लोकांत माणसाला जाळत नाहीत. बसलेलं, उत्तरेकडे तोंड करून, मातीत ठेवतात. अप्पा सांगितलं तसं सगळं करत होते. मातीचं उरकून आल्यावर भिंतीशी येऊन उभे राहिले. "माझ्या मनाला ती मावळतीकडं तोंड करून बसली बाई," ते म्हणाले. "ठाऊक हाय मला, ती खरी उत्तर हाय. सगळं रीतीनं झालं. पण मन म्हणायलंय, बुडत्या दिवसाकडं बसवलं तिला." मी भिंतीवरून त्यांचा हात धरला. आमच्याकडे अशी रीत नाही, पण धरला.

मुलगा पुण्याला न्यायला आला होता, अप्पा गेले नाहीत. एकट्यानं चहा करत, एकट्यानं चष्मा शोधत. शोधताना स्वतःशी मोठ्यानं म्हणत, "तुमच्या उत्तरेच्या कोनाड्यात हाय." वैनींच्या सुरातच. हात बरोबर तिथे जायचा.

पुढे डोळ्यात मोतीबिंदू झाला. अंबाजोगाईला ऑपरेशन ठरलं, खंडागळेसर आपल्या गाडीनं घेऊन गेले, मी सोबत. येताना रस्त्याचं काम निघालं होतं, म्हणून आडवाटेनं आलो आणि गावात भलत्याच बाजूनं शिरलो. अप्पा मागच्या सीटवर डोळ्याला पट्टी लावून गाढ झोपले होते. दारात गाडी थांबली, मी त्यांना हलवलं. ते उतरले, गाडीला धरून उभे राहिले आणि एका डोळ्यानं आभाळाकडे पाहू लागले. दिवस मावळत होता.

"बाई," ते हळूच म्हणाले, "हा मावळतीला मावळायलाय."

मला आधी कळलंच नाही. खंडागळेसरांना कळलं. त्यांनी गाडीचा हॉर्न वाजवला, अप्पांना मिठी मारली आणि स्टँडवर जाऊन पेढे घेऊन आले. दुसऱ्या दिवशी उजाडताच भिंतीपलीकडून हाक आली, "बाई, पूर्वेला! पूर्वेला उगवला!" मी धावत बाहेर आले. अप्पा ओट्यावर उभे होते आणि त्यांच्या तोंडावर ऊन पडलं होतं. इतका आनंदी माणूस मी त्या गल्लीत दुसरा पाहिलेला नाही.

तो आनंद पुरता आठवडाभरही टिकला नाही. एका सकाळी अप्पा स्वतःच्याच घराच्या मधोमध उभे दिसले, हातात रिकामा तांब्या. माठ समोर होता आणि त्यांना तो सापडत नव्हता. दिसत होता, पण तिथे असायला नको होता. मंदिराकडे निघाले तर बाजारात पोचले. अख्खी नोकरी ज्या गावात काढली, ते गाव कुणीतरी उचलून फिरवून ठेवलं होतं. मोठमोठ्यानं म्हणायचे, "तुमच्या उत्तरेच्या कोनाड्यात," आणि हात परसाकडच्या कोऱ्या भिंतीवर आपटायचा.

"बाई, दिशा आल्या, पण तुमची वैनी गेली," ते एकदा म्हणाले. "आतापर्यंत घरात तिचा आवाज होता. ती म्हणायची अन् हात जायचा. आता ती सांगते ते कोनाडेच न्हाईत या घरात. दुसऱ्याच्या घरात भाड्यानं राहायलोय मी." मग म्हणाले, "खंडागळ्याला सांगा, मला परत फिरवून आणा म्हणावं."

खंडागळेसर कपाळाला हात लावून बसले. "अहो, दिशा चुकवायला कुणी गाडी काढतं का?" पण काढली. अप्पांना गाडी नको होती, एसटीच हवी होती, पहिल्यासारखी. म्हणून आम्ही तिघं माजलगावला गेलो आणि पहाटेच्या गाडीनं परत निघालो. अप्पांना खिडकीची जागा दिली. त्यांनी डोळे मिटले, मान टेकवली, आणि झोप काही येईना. शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलासारखा माणूस टक्क जागा. दर थांब्याला एक डोळा उघडून विचारायचे, "झोपलो का हो मी?" दिंद्रुडला उतरलो तेव्हा सूर्य उगवत होता, आणि उगवत होता पूर्वेलाच. अप्पांनी सूर्याकडे पाठ केली. सरळ चालत घरी गेले. वाटेत दोनदा चुकले, दोनदा मी वळवलं.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून रडले. वैनींची आठवण मला तेव्हाच सगळ्यात जास्त आली. पीठ मळताना, काम सांगताना, रागावतानासुद्धा ती बाई एका माणसाच्या चुकीच्या जगात किती सहज राहत होती! व्याकरण शिकवण्यात माझा जन्म गेला, पण भाषा अशी कुणासाठी वाकवलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. डोळे पुसून बाहेर आले, तर भिंतीपलीकडे अप्पा चष्मा शोधत होते. तोंडानं काहीच म्हणत नव्हते. ते म्हणणंही त्यांनी सोडलं होतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अप्पा, चष्मा तुमच्या उत्तरेच्या कोनाड्यात आहे."

ते जागच्या जागी थांबले. माझ्याकडे वळले नाहीत. "परत म्हणा," ते म्हणाले. मी परत म्हटलं, आणि या वेळी वैनींसारखं, "हाय" म्हणून. त्यांचा उजवा हात सावकाश उचलला गेला आणि पूर्वेच्या भिंतीतल्या कोनाड्यात जाऊन चष्म्यावर बसला. तो हात तिथे बराच वेळ होता.

मग मी रोज तसंच बोलू लागले. पहिल्यांदा मला हिशेब करावा लागायचा, बोटांवर दिशा मोजाव्या लागायच्या. पुढे जीभ वळली. खंडागळेसर आले की तेही म्हणायचे, "अप्पा, तुमच्या पूर्वेच्या खुर्चीत बसू का?" अप्पा मान हलवत. त्यांचं चुकणं कमी झालं. दिशा पुन्हा फिरल्या की काय, हे मी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

दुसऱ्या थंडीत ते झोपेतच गेले. मुलगा पुण्याहून आला. त्यानं मोबाइल काढून उत्तर पाहिली आणि अप्पांना वैनींच्या शेजारी, वैनींसारखंच बसवलं. बरोबर केलं त्यानं.

पण मला अप्पा म्हटलं की दिसते ती ते गेले त्याच्या आदल्या दिवसाची सकाळ. धुकं होतं. मी दूध घेऊन आत येत होते आणि अप्पा ओट्यावर मफलर गुंडाळून उभे होते, सूर्याकडे तोंड करून. त्यांनी काही विचारलं नाही, म्हणून त्या दिवशी मीच हाक मारली.

"अप्पा, आज कुठून उगवला?"

त्यांनी डोळ्यांवर हात धरला. धुक्यातून नुकताच लाल गोळा वर आला होता. ते त्याच्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"उत्तरेला," ते म्हणाले. "नीट उत्तरेला उगवलाय, बाई."

आणि वळून, कुठेही न चाचपडता, घरात गेले.